दक्षिणेकडचं दार

घर बांधायला काढलं की काय काय पाहिजे ते सांगायला सगळे पुढे असतात. काय सोडायचं हे ठरवायची वेळ आली की प्रत्येकाला दुसऱ्याचीच हौस जास्त वाटते. साखऱ्यात, आमच्या गावी, आमचं घर निघालं तेव्हा तसंच झालं. हिंगोलीच्या इंजिनिअरनं काढलेला पहिला नकाशा इतका देखणा होता, की त्यात आम्ही राहणार हे मला खरंच वाटेना. वर मजला, पुढे पोर्च, पोर्चला गोल खांब, हॉलला पीओपीचं छत. हळदीनं त्या वर्षी हात दिला होता, पण एवढाही नाही.

वरचा मजला आधी गेला. त्याच्या मागोमाग पीओपी. आमच्या मालकांचा जीव पोर्चमध्ये अडकला होता. खाली उभी करायला मोटारसायकल सोडून काही नाही, पण माझ्या नणंदेच्या सासऱ्यांनी कनेरगाव नाक्याला नवं घर बांधलं होतं आणि त्याला पोर्च होता. मी म्हटलं, "मग शिजवलेली हळद कुठं वाळवायची? व्याह्याच्या पोर्चमधी?" त्यांनी थोडे दिवस माझ्याशी अबोला धरला, मग पोर्चही गेला. मी माझा ग्रॅनाइटचा ओटा सोडला, भिंतीतली कपाटं सोडली. घराला जोडून संडास होता, तो आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतः काढायला लावला. "सैपाकाच्या भिंतीला संडास? मला न्हाई घास जायचा," म्हणाल्या. परसात आधीचा होता, तोच ठेवायचं ठरलं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. मला स्वयंपाकघराला मागचं दार पाहिजे होतं.

जुन्या घराला एकच दार, पुढचं. बैठकीत पुरुषमाणसं बसली की आम्ही दोघी आत अडकायचो. परसाकडे जायचं तर त्या सगळ्यांच्या मधून जायचं. मी पदर घेऊन तरातरा निघून जायची, पण आत्याबाईंचा पाय उचलायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, या बाईला तहानच कमी आहे. मग कळलं, पाहुणे येणार असले की त्या सकाळपासून पाणी तोंडाला लावत नाहीत. मागे मुतखड्यानं लोळल्या, डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या म्हणून बजावलं, तरी पाहुण्यांच्या दिवशी तेच. मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त त्या घराचा.

पण घराची मागची बाजू दक्षिणेला. स्वयंपाकघर आग्नेयेच्या कोपऱ्यात, आणि पूर्वेला शेजाऱ्यांची भिंत खेटून, तिकडे काही निघण्यासारखं नव्हतं. सासऱ्यांनी, मी त्यांना मामा म्हणते, साफ सांगितलं, "दक्षिण यमाची. मी हाय तवर त्या अंगाला दार न्हाई."

"मग आत्याबाईनं काय करावं?"

"आजवर काय करून राहिली?" त्यांनी विचारलं. त्यात वाकडेपणा नव्हता. त्यांना खरोखर माहीत नव्हतं. त्या बाईनं उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं आणि मी तोंड उघडलं की डोळे वटारायच्या.

जुनं घर पाडलं, आम्ही कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. आखणीच्या दिवशी मिस्त्रींनी सुतळ्या ताणून जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या. दारांच्या जागा तेवढ्या मोकळ्या सोडल्या. आखलेलं घर किती लहान दिसतं! मालक एका चौकोनात उभे राहून म्हणाले, "यात पलंग कसा बसंल?"

"भिंती उठू द्या," मिस्त्री म्हणाले, "बराबर मोठं दिसतंय."

नारळ फुटला. कनेरगाव नाक्याचे व्याही आले होते, भावकीतली माणसं होती. मामांना हौस आली, त्यांनी बैठकीच्या रेघांच्या आत खुर्च्या मांडल्या. मग मलाही हुक्की आली. मी शेडमधून शेगडी आणली आणि स्वयंपाकघराच्या चौकोनात चहा ठेवला. आत्याबाई शेजारी बसल्या, नव्या घरात आल्यासारख्या खुशीत. चहा घेऊन मी दाराच्या फटीतून बैठकीत गेले तेव्हा सगळे हसले.

चहा झाला, पण माणसं उठेनात. हळदीच्या भावावर बोलणं चाललं होतं. आत्याबाई उठल्या, फटीपर्यंत गेल्या, पुढे व्याही दिसले तशा मागे फिरून बसल्या. जरा वेळानं पुन्हा तेच. माझ्या लक्षात आलं.

"अवो, भिंत कुठं हाय?" मी हळूच म्हटलं. "जा की मागच्या मागं."

"रेघ हाय ना," त्या म्हणाल्या. "घराची रेघ हाय. वलांडून कसं जाऊ?"

त्या उघड्या जागेत, डोक्यावर आभाळ असताना, ती बाई भिंतीआड अडकून बसली होती. माझं डोकंच फिरलं.

"मामा," मी मोठ्यानं म्हटलं, "आत्याबाईला मागं जायचंय. कुठून जाऊ द्यायचं?"

व्याही कपात बघू लागले. आत्याबाईंनी माझा पदर ओढला. आता बोलणी खायची, असं समजून मी उभी राहिले.

"जा की," मामा म्हणाले. "मोकळं तर हाय."

"भिंत हाय ती," आत्याबाई खाली मान घालून म्हणाल्या.

"मग इकडून ये."

त्या जागच्या हलल्या नाहीत. मामांनी आपल्या दोन्ही बाजूंच्या माणसांकडे बघितलं, मग फटीकडे, मग आत्याबाईंकडे. "आजवर असंच करून राहिली व्हय?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

मामा उठले, चौकोनाला वळसा घालून मागच्या अंगाला गेले आणि पायानं फक्की पुसू लागले. मिस्त्री धावत आले. "दार ठेवायचं का?"

"दार न्हाई. जाण्यायेण्यापुरती जागा सोडा."

"मग चौकट बसवू का नको?"

"चौकट बसवा, कडी बसवा," मामा चिडले. "पण दार म्हणू नका त्याला."

व्याही आधी हसले, मग सगळेच. त्या हसण्यात आत्याबाई उठल्या आणि पुसलेल्या जागेतून बाहेर पडल्या. दोन्हीकडे सगळी जमीन मोकळी होती, तरी लुगडं सावरून, अंग चोरून गेल्या. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते.

परत येताना आत्याबाई त्या जागेत थांबल्या. दोन्ही हात पसरून बघितलं, मान हलवली. बैठकीत माणसं बसलेली असताना त्यांचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"मिस्त्री, जरा रुंद करा. दोन्ही हातात बादल्या असत्यात."

मिस्त्री मामांकडे बघत उभे राहिले.

"माझ्याकडं काय बघून राहिले?" मामा म्हणाले. "तिनं सांगितलं ना."