तेरड्याचा उतार

आमच्या गावाची खळवाडी शाळेच्या मागे, नाल्याला लागून आहे. मळणीची यंत्रं थेट शेतात जाऊ लागली तशी ती ओस पडली आणि गाजरगवताने भरून गेली. तिथे रानफुलांचा माळ करू या, असं मी ग्रामसभेत उभं राहून म्हटलं तेव्हा लोक हसले. जन्मभर ज्याला तण म्हणून उपटलं ते आता मुद्दाम पेरायचं! पण निम्म्या गावाला मीच अक्षरं गिरवायला लावली होती. हसून झाल्यावर त्यांनी जागा दिली.

दर रविवारी घरटी एक माणूस यायचं. हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून आम्ही गाजरगवत उपटायचो, त्याला पांढरी फुलं धरायच्या आत. मुलांना घेऊन मी बांधाबांधाने कुर्डू, रानतीळ, शंखपुष्पीचं बी गोळा केलं आणि वाळूत मिसळून फेकलं. लोक त्या जागेला ‘बाईस्ना माळ’ म्हणू लागले. मला ते फार आवडायचं. ब्राह्मणपुरीच्या बाजारात कुणी तसं म्हटलं की मी उगाच दोन मिनिटं जास्त थांबायचे.

शाळेत खिचडी शिजवणारी बाई पावरा होती, धडगावच्याही वरच्या पाड्यातली. नवरा गावात सालदार. घरी त्यांची पावरी, आमच्याशी ती अहिराणी बोलायची. मुलं तिला मावशी म्हणत. मी माळावर शेणखताच्या दोन ट्रॉल्या टाकून घेतल्या त्या दिवशी ती पातेलं घासता घासता उठून आली.

“बाई, खत नका टाका. खत खाईसन गवत माजी, फूल मरी जाई.”

“खताशिवाय काही उगवतं का?” मी म्हटलं.

“आमना डोंगरमा कोन खत टाकस?”

मुलं ऐकत होती. मी तिला भांडी राहिलीत याची आठवण करून दिली.

त्या पावसाळ्यात गवत कमरेइतकं झालं आणि फुलं बोटांवर मोजण्याइतकी आली. पाऊस जास्त झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती माहेरून बियांचं गाठोडं घेऊन आली आणि नाल्याकडचा उतार तिने मागितला. तिथवर माझं खत पोचलं नव्हतं, नुसता मुरूम. काही येणार नाही अशा खात्रीनेच मी हो म्हटलं.

श्रावणात तो उतार तेरड्याने गुलाबी झाला. वरून खालपर्यंत, मधे जमीन दिसेना. शेजारच्या गावांतून लोक फोटो काढायला आले. साखरपुडा झालेल्या मुली येऊन उभ्या राहायच्या. महिनाभरात नाव बदललं: ‘मावशीना माळ’. चौथीतली एक मुलगी निळं फूल घेऊन माझ्याकडे आली. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “थांबा बाई, मावशीला विचारते.” आणि पळाली.

मी खिचडीत मीठ जास्त आहे म्हणू लागले. डाळ कच्ची आहे म्हणू लागले. ती गुपचूप पुन्हा चूल पेटवायची. तिचं ते गुपचूप राहणंही मला सहन होत नसे. वीस वर्षांहून जास्त मी या गावाला दिली होती आणि हिने एक गाठोडं उधळलं होतं.

भाद्रपदात तिची आई आजारी पडली म्हणून ती आठ दिवस डोंगरात गेली. तेरड्याच्या शेंगा हिरव्या होत्या. बोट लावताच फुटली की शेंग पिकली, हे तिनेच मुलांना शिकवलं होतं. त्याआधी कापलं तर पुढच्या वर्षी तिथे काही नाही. मला हे पक्कं माहीत होतं. म्हशीसाठी गवत नेणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी म्हटलं, “बाबा, नाल्याकडचं कापून न्या. शाळेत पाहुणे यायचेत.” पाहुणे कुणी येणार नव्हते. दुपारपर्यंत उतार बोडका झाला. मी खिडकीतून बघत होते आणि मला बरं वाटत होतं. हे लिहायला जड जातं, पण बरंच वाटत होतं.

ती आली, उतारावर गेली, बराच वेळ उकिडवी बसून राहिली.

“बाई, हाई कोनी कापं?”

“पंचायतीचा माणूस आला होता,” मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि तांदूळ निवडायला घेतले. त्या दिवसापासून ती माळावर फिरकली नाही.

पुढच्या पावसाळ्यात उतारावर फक्त गाजरगवत आलं. रविवारी येणारी माणसं कमी होत होत चार-पाचावर आली. मुलं विचारायची, मावशी का येत नाही? एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या चुलीजवळ जाऊन बसले.

“पंचायतीने नाही, मी कापायला लावलं,” मी म्हटलं. “तुझा हेवा वाटला मला.”

“माले माहीत व्हतं,” ती म्हणाली. गवत नेणाऱ्या म्हाताऱ्यानेच तिला, ती डोंगरातून परतली त्याच संध्याकाळी, सांगितलं होतं. ती माझ्याकडे न बघता राख ओढत राहिली. मग बोलली तेव्हा तिचा आवाज चढला. आई आजारी असतानाही पुढचं बी कधी काढायचं याचा तिने हिशेब धरला होता. आणि मी खोटं बोलले हे कळलं तेव्हा तिला माझी लाज वाटली होती. मी माफी मागितली. तिने ती लगेच दिली नाही.

दोन आठवड्यांनी ती स्वतःच आली. अट एकच: कधी कापायचं ते ती सांगणार. मी रविवारी गाजरगवत उपटायचं, तिने बी टाकायचं.

त्याला आता तिसरं वर्ष आहे. तेरडा अर्ध्या उतारावर परतला आहे, उरलेला अजून उघडाच आहे. मागच्या महिन्यात नवापूरहून काही शिक्षक माळ बघायला आले. मी त्यांना सरळ तिच्याकडे नेलं आणि मागे उभी राहिले. ती बोलत होती, ते लिहून घेत होते. कुणीही माझ्याकडे वळून पाहिलं नाही, आणि तेवढा वेळ मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.