रिकाम्या खुर्चीसमोर

संस्थान जाऊन मध्य भारत झाला, त्यानंतर जुन्या कचेरीच्या मोठ्या दालनात कोर्टाच्या जुन्या वस्तू लोकांना पाहायला मांडल्या होत्या. माझे सासरे त्याच कोर्टात चोपदार होते. न्यायाधीश साहेब आले की पुकारा करायचा आणि कामकाज संपेपर्यंत खुर्चीशेजारी उभं राहायचं, हे त्यांचं काम. मामंजींना एकदा ते सगळं पाहायचं होतं. ह्यांना मिलमधून सुट्टी नव्हती, म्हणून सासूबाईंनी मला बरोबर धाडलं. मला सातवा महिना होता, पण जाणं-येणं टांग्यानंच होतं.

मामंजी खुशीत होते. साक्षीदाराचा पिंजरा, छताच्या पंख्याची दोरी, सगळं मला दाखवत होते. काचेतली चांदीच्या मुठीची काठी पाहून म्हणाले, हिला मी रोज रांगोळीनं घासायचो, आता काळी पडू दिलीय लेकांनी.

मग न्यायाधीशांच्या खुर्चीशेजारी, आपल्या जुन्या जागी जाऊन उभे राहिले ते हलेचनात. माझी कंबर भरून आली. भिंतीशी बाक होतं, पण सासरे उभे असताना सुनेनं बसायचं कसं? आणि तोंडानं सांगायची तर माझी हिंमतच नव्हती. पदर सावरत मी या पायावरून त्या पायावर भार देत राहिले. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली.

तिथल्या पहारेकऱ्यानं ते पाहिलं. तो मामंजींना म्हणाला, "बैठ जाओ दादाजी, बहूजी थक गई हैं. कुर्सी तो खाली पड़ी है."

"खाली नहीं है भिया. साब अंदर गए हैं, ऐसा समझो."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. पण त्या दालनात ते कधीच बसले नव्हते. जरा घुटमळले. मग खुर्चीसमोर आले, टोपी नीट केली आणि कमरेत वाकून मुजरा केला.

"हुजूर, सून दोन जिवांची आहे. मी बसल्याशिवाय ती बसायची नाही. तेवढी इजाजत असावी."

थोडं थांबले आणि बाकाच्या अगदी कडेला टेकले. मी जरा लांब फरशीवर बसले. गार फरशीनं जीव निवला.

पहारेकरी माठातलं पाणी घेऊन आला. "फैसला हो गया, दादाजी?"

"हो गया. बहू के हक में."

घरी आल्यावर सासूबाईंनी मामंजींना विचारलं, पाय दुखले असतील, बसलात का कुठे? हिच्यामुळे बसावं लागलं, म्हणाले. आणि एरवी एकाच कपावर थांबणाऱ्या मामंजींनी त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा चहा मागून घेतला.