डाव्या बाजूची फुलं

त्याला सगळे भिंगवाले म्हणत. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग तसंच लटकवून तो भाजी आणायला जायचा आणि कोबीचं पानही भिंगाखाली धरून बघायचा, तेव्हापासून हे नाव पडलं. वनस्पती उद्यानाच्या संग्रहालयात तो फोटो काढायच्या कामावर होता. एकेक झाड हाताशी घ्यायचं आणि वर्षभर त्याचा पिच्छा पुरवायचा. कळी, फूल, शेंग, पानगळ, मग पुन्हा कोंब. फोटो छान दिसला नाही तरी चालेल, पण पुंकेसर मोजता आले पाहिजेत आणि पानाची खालची बाजू दिसली पाहिजे, असा त्याचा खाक्या.

बायकोचं नेमकं उलट. ती घराच्या पुढच्या खोलीत फुलांची मांडणी शिकवायची. शिकायला येणाऱ्या बायका तिला ताई म्हणत. पसरट भांड्यात काट्यांची पितळी चकती ठेवायची आणि तिच्यावर देठ खोचत जायचं, असं ते काम. ताईंचं भांडं चहूबाजूंनी ओसंडायचं. पानं ती हवी तशी कातरायची, पाकळ्या बोटाने मागे वळवायची.

"हे फूल असं उगवतं तरी का कुठे?" तो विचारायचा.

"आणि तुमचं फूल? पोलीस ठाण्यात फोटोला उभं केल्यासारखं!"

तरी दर वर्षी दोघं मिळून एका छापखान्याचं कॅलेंडर करत. ज्या महिन्यात जी फुलं येतील त्यांची मांडणी तिची, फोटो त्याचा. दिवा कुठे ठेवायचा, कुठलं पान काढायचं, यावरून दोघांची अशी जुंपायची की आवाज जिन्यापर्यंत जायचा. खालच्या मजल्यावरचे लोक म्हणायचे, नवा महिना लागला वाटतं.

त्या वर्षी थंडी सरता सरता ती मोरीपाशी ग्लॅडिओलसचे देठ कापत बसली होती. बादली पडल्याचा आवाज आला म्हणून तो आत गेला. ती ओल्या फरशीवर कुशीवर पडली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, नळ वाहत होता. त्याने आधी नळ बंद केला आणि मग तिच्यापाशी बसला. आपण नळ आधी का बंद केला, हे त्याला पुढेही कधी उमगलं नाही.

ती वाचली. डावा हात लुळा पडला, डावा पाय ओढत का होईना चालू लागला. बोलणं शाबूत राहिलं. पण दवाखान्यात तिने ताटातला उजवीकडचा भात तेवढा खाल्ला आणि म्हणाली, "किती कमी वाढतात हो हे लोक." डावीकडे भाजी, वरण सगळं तसंच होतं. त्याने ताट फिरवलं.

"अगं बाई, हे कधी आणून ठेवलंत?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्यांना काही झालेलं नाही, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. तिच्या लेखी डावीकडे काही नसतंच. सुधारेल हळूहळू, किती ते सांगता येणार नाही. त्याने मान हलवली. औषधांच्या वेळा विचारल्या. डॉक्टर जरा थांबले, आणखी काही विचारतो का म्हणून. त्याला काही विचारायचं नव्हतं.

मुलगी दुसऱ्या शहरातून धावत आली, राहिली, आईच्या गळ्यात पडून रडली, स्वयंपाकघर लावून गेली. गेल्यावर तिचा फोन आला.

"बाबा, तुम्ही रडलात का एकदा तरी?"

"अगं, वेळ कुठे आहे."

ते खोटं होतं. वेळ भरपूर होता. उद्यानाने त्याला घरून काम करायची मुभा दिली होती. दुपारी ती झोपली की तो खुर्चीत बसायचा आणि आपल्याला काय वाटतंय ते चाचपून बघायचा, दाढेला भूल दिल्यावर जिभेने गाल चाचपावा तसं. हाताला काही लागायचं नाही. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. मग तो उठून भांडी घासायचा.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सुचवलं, "ताईंना त्यांचं काम द्या. हात चालू दे." त्याने बाजारातून ट्यूलिप आणले. देठ त्याने धरायचे, तिने उजव्या हाताने कापायचे आणि खोचायचे. ती नेहमीच्याच झोकात खोचत गेली, मागे उंच, पुढे उतरती, एक पान मुद्दाम वाकडं. मग मान मागे घेऊन म्हणाली, "झालं."

भांड्याची उजवी बाजू फुलांनी भरून गेली होती. डावीकडे नुसती चकती, तिचे काटे आणि पाणी. मधे जणू सुरीने रेघ मारली होती.

"काढा फोटो," ती म्हणाली. "मार्चचं पान आधीच रखडलंय."

त्याने दिवा लावला आणि फोटो काढला. पडद्यावर तिला दाखवला. तिने बारकाईने बघितलं, अर्थात उजवीकडचंच. "छान आलाय," म्हणाली. पूर्वी तिने असं कधी म्हटलं नव्हतं, काहीतरी खोट काढलीच असती.

ऋतू पुढे सरकत राहिले. उन्हाळ्यात सूर्यफुलं झाली, पावसाळ्यात लिली आणि नेचे, मग शेवंती, मग गवताचे तुरे आणि वाळलेल्या शेंगा. सगळी अर्धी. एकदा त्याने डावीकडची जागा स्वतः भरून बघितली. फुलं एका उंचीची, एका अंतरावर, सगळी समोर तोंड करून. दुसऱ्या दिवशी साफसफाई करताना भांडं फिरलं आणि तिची नजर तिथे गेली.

"हे कुणी केलं? शाळेत प्रार्थनेला उभी केलीत की काय फुलं?"

"मीच."

"नका करत जाऊ," ती म्हणाली आणि एकेक उपटून काढली. त्यानंतर तो त्या वाटेला गेला नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा त्याने सगळे फोटो छापखान्यात नेले. मालकाला खरं काय ते सांगितलं आणि म्हणाला, "हवं तर या वर्षी राहू दे."

मालकाने फोटो टेबलावर मांडले. माणूस मनाचा चांगला होता, पण धंद्यातला. बराच वेळ बघून म्हणाला, "राहू दे कशाला? डावीकडे आयती जागा मिळालीय. तारखा तिथे टाकतो."

कॅलेंडर तसंच निघालं. लोकांना आवडलं. नव्या पद्धतीचं आहे, असंही कुणीतरी म्हणालं. घरी त्याने ते भिंतीला लावलं. ताईंनी समोर उभं राहून फुलं निरखली आणि विचारलं, "या वर्षी तारखा नाही छापल्या?"

"छापल्यात. डावीकडे आहेत."

तिने मान वळवायचा प्रयत्न केला. व्यायामाच्या बाईंनी शिकवलं होतं तसं स्वतःलाच बजावत, "डावीकडे, आणखी डावीकडे." मग दमली. "असतील," म्हणाली. तो आत गेला आणि कुकर लावला.

त्या थंडीत उद्यानाच्या काचघरातून त्याने एक डोंगरी ऑर्किड घरी आणलं होतं. हे झाड तिथे कधी फुललं नव्हतं आणि आता त्याला दांडा येऊन टोकाशी एकच कळी धरली होती. ती उमलेपर्यंत रोज सकाळी एक फोटो, असं काम होतं. कुंडी पुढच्या खोलीच्या खिडकीत होती, बायकोच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला. तिथे कळी सुरक्षित आहे, असं त्याने गृहीत धरलं होतं.

एका सकाळी तो कॅमेरा घेऊन गेला तर कुंडीत दांड्याचा खुंट तेवढा उरला होता. तिरपा, स्वच्छ काप. असा काप घरात एकच माणूस द्यायचं. कळी टेबलावरच्या भांड्यात होती आणि बायको खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होती.

"ती माझी कळी होती," तो म्हणाला.

"माहीत आहे. रोज गुडघे टेकता तिच्यापुढे."

"तुला दिसली?"

"दिसली. काल दिसली, मग नाहीशी झाली, मग आज शोधून काढली. मान मोडायची वेळ आली." तिने ओढलेल्या तोंडाने श्वास घेतला. "आता ओरडा."

"कशाला?"

"अहो, वर्ष झालं, तुम्ही माझ्याशी एकदा भांडला नाहीत! मी काहीही खोचलं तरी आपलं हो, हो. माझी एक बाजू गेली ते डॉक्टरांनी सांगितलं. तुमचं काय गेलं ते कुणी सांगायचं?"

तो उभाच राहिला. कळी दुर्मीळ होती, इतक्या सकाळींचं काम वाया गेलं होतं. तिला डावीकडचं दिसू लागलं होतं, ही तर मोठीच गोष्ट. राग यायला हवा होता, आनंद व्हायला हवा होता. दोन्हींची त्याने वाट बघितली.

"गाढव आहेस," तो अखेर म्हणाला. बाहेर थंडी आहे म्हणावं, तशा आवाजात.

"एवढंच?"

"आज एवढंच."

ती हसली नाही, रागावलीही नाही. "बरं," म्हणाली. त्याने खुंटाचा फोटो काढला, कारण नोंद तर करायलाच हवी होती.

दोन-चार दिवसांनी तो कुंडी घेऊन उद्यानाच्या मुख्य बाईंना सांगायला गेला. कळी कापली गेली, घरी, बायकोच्या हातून. बाई भडकल्या, आणि त्यांचं भडकणं रास्तच होतं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "एका फुलदाणीच्या हौसेपायी इतकं मोलाचं झाड..."

"हौस नाही ती," तो म्हणाला. "काम आहे तिचं."

"असेल. पण तुम्ही लक्ष ठेवायला नको?"

"माझ्यापेक्षा तिला फुलातलं जास्त कळतं," तो म्हणाला, आणि आपला आवाज चढलाय हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने कुंडी टेबलावर ठेवली, जरा आदळलीच, आणि बाहेर पडला. व्हरांड्यात आल्यावर त्याला कळलं की आपल्याला राग आलाय. कान गरम झाले होते. फार नव्हता, बसच्या थांब्यापर्यंत टिकेल की नाही अशी शंका होती, म्हणून तो भराभर न चालता सावकाश चालला.

घरी पोचल्यावर त्याने चप्पल काढायच्या आधीच तिला सांगितलं, "मला राग आला होता आज."

"खरंच? माझा?"

"नाही. मुख्य बाईंचा."

"त्यांचा?" ताईंनी कात्री खाली ठेवली. "आणि कळी मी कापली, त्याचा नाही?"

तिला ते लागलंच जरा. संध्याकाळपर्यंत ती त्याच्याशी धड बोलली नाही.