शून्यापासून कापलेल्या पट्ट्या

मिहिका, ओम, तुमच्या आबांना जाऊन दीड महिना झाला. लिहायला हात धजत नव्हता. पण काल फोनवर ओम म्हणाला, "आजी, आमच्या क्लासमध्ये बार चार्ट सुरू झालाय," आणि वाटलं, आता हे लिहायलाच हवं. मराठी अडली तर बाबांकडून वाचून घ्या.

आबा मस्कतला पाणीपुरवठ्याच्या कामात होते. कुठल्या वस्तीला किती पाणी गेलं याचे उभे स्तंभ काढून मीटिंगमध्ये मांडणं, हा त्यांचा आवडता उद्योग. घरातसुद्धा कशावरून वाद झाला की ते ओमानी हलव्याचे रिकामे सोनेरी खोके कापत आणि पट्ट्या फ्रिजवर लावत. मी चिडवायची, "हलवा आणायला निमित्त हवं, दुसरं काय!"

ओम, तू तेव्हा रांगत होतास. तुम्ही सगळे आमच्याकडेच राहत होतात. मस्कतमधल्या अल हैलच्या या घरी मिहिकाच्या शिकवणीचा रिपोर्ट आला. गणिताचे गुण शहाऐंशीवरून ऐंशीवर आलेले. शेजारच्या चार्टमध्ये मात्र दुसरा स्तंभ पहिल्याच्या निम्मासुद्धा नव्हता. तो बघूनच तुमचे बाबा भडकले. "खलास! उद्यापासून पोहणं बंद." मिहिका, तू पोहण्याची पिशवी छातीशी धरून बाल्कनीत जाऊन बसलीस... जेवायलाही आली नाहीस.

आबांनी चष्मा पुसून कागद नीट पाहिला. "अरे, यांनी स्तंभ पंचाहत्तरपासून सुरू केलेत. खालचं सगळं गायब! यल्ला, चल मिहू, कात्री आण." मिहिका, तू आणि आबांनी मिळून दोन सोनेरी पट्ट्या कापल्या, शून्यापासून मोजून, आणि फ्रिजवर शेजारी शेजारी लावल्या.

"पण आबा, गुण कमी झालेत हे खरं ना?" तुमचे बाबा म्हणाले.

"झालेत की. बोटभर. मग तूही बोटभरच रागाव."

तुमच्या बाबांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी तेच तुला पोहायला घेऊन गेले.

माझ्याही चुका आबांनी कधी खालचं सगळं चांगलं कापून नुसत्या वरच्या टोकाकडून मोजल्या नाहीत. इतकी वर्षं असं माणूस सोबत मिळालं, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

आता मी पुण्याला परत निघाले आहे. फ्रिज शेजारच्यांना दिला, पट्ट्या तेवढ्या काढून घेतल्या. सोनेरी रंग थोडा उडालाय. कडा अजून सरळ आहेत.