कालव्याच्या वर, कालव्याच्या खाली

पालिकेच्या पाणीखात्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला सगळे नळदादाच म्हणत. कालव्याच्या वरच्या वस्तीची वेगळी पालिका व्हावी असा अर्ज निघाला, तेव्हा त्यावर पहिली सही त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची होती. ती वर राहायची. नळदादाने लेखी हरकत घेतली.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. अधिकाऱ्याने विचारलं, "तुम्ही तर खाली राहता. तुमची हरकत कशाला?"

"माझी मुलगी वर असते."

"मग त्यांनी स्वतः यायला हवं होतं."

"दफनभूमीत असते, साहेब. शाळेत जायला नुकती लागली होती. तिच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी मागून ठेवलीय."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मग बहीण उठली. भावाकडे न बघता म्हणाली, "साहेब, यांनाच विचारा, आमच्याकडे पाणी चढतं का?"

नळदादाला खोटं बोलवेना. "नाही चढत. वर टाकी बांधा, हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला."

हरकत फेटाळली गेली. पुढे मतदान झालं, हद्दीचे दगड रोवले गेले आणि नव्या पालिकेने ठराव केला, दफनभूमी फक्त रहिवाशांसाठी. बहीण आता तिथली सदस्य होती. ती रडवेल्या तोंडाने भावाच्या घरी आली.

"दादा, जागाच कमी आहे रे. तुझ्यासाठी नियम वाकवला तर लोक मला दारात तरी उभं करतील का? तू नि वहिनी माझ्याकडे राहायला या."

नळदादा तयार झाला. बायको झाली नाही.

"पोर या घरात रांगली," ती म्हणाली. "तिकडे नुसती माती आहे."

"मी इथे मेलो तर ती तिथे एकटी पडेल गं."

"मग तुम्ही तिच्यापाशी जा. मी घरापाशी राहते."

भांडण असं नव्हतंच. तिनेच त्याच्या कपड्यांच्या घड्या घालून पेटी भरून दिली.

आता तो बहिणीच्या मागच्या खोलीत राहतो. रविवारी खाली उतरतो, बायकोच्या हातचं जेवतो, पाहुण्यासारखा पाणी मागून घेतो. परवा निघताना त्याने कसंबसं विचारलं, "आणि तुझं गं? तुला कुठे...?"

ती ताट विसळत होती. "खालच्यांसाठी नवी जागा बघताहेत म्हणे," ती म्हणाली. "निघा आता, चढ आहे."