न हललेली होडी

ओल्या दोरखंडाचा वास आला की मला आगरदांड्याचा किनारा आठवतो. पावसाळ्याआधी होड्या वर ओढायच्या त्या उधाणाच्या भरतीला, म्हणजे अर्धं काम पाणीच करतं. पण त्या वर्षी बाबा "अजून एक फेरी मारून येतो" म्हणत राहिले, उधाण हुकलं आणि होडी खालीच वाळूत रुतली. वादळाची खबर आली तसा सगळा कोळीवाडा धावला. होडीखाली सरकवलेल्या ओंडक्यांना माशाचं तेल चोपडलं, दोर खांद्यावर घेतले, बाबा घसा फोडून ओरडले, "जोर लावा रे, जोर!" दोर करकरला, आमचे पाय घोट्यापर्यंत रुतले, होडी तसूभर हलली नाही. "हालत न्हाय गो," माझ्यापुढे ओढणारी काकू रडवेली होऊन म्हणाली. मी तेव्हा कॉलेजात होते. वस्तू हलली नाही तर कितीही बल लावा, कार्य शून्य, हे पाठ केलेलं वाक्य डोक्यात घुमत होतं आणि त्याचा भयंकर राग येत होता. मग लाटा आल्या. त्यांनी तीच होडी अलगद उचलली आणि आपटून आपटून तिच्या फळ्या मोकळ्या केल्या. बाबा नुसते बघत बसले. मी त्यांचे हात हातात घेतले. पावसात भिजूनही ते तापलेले होते. आता मी नववीला विज्ञान शिकवते. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "बाई, काम झालंच नाही, तर खर्च केलेली ऊर्जा गेली कुठे?" तिची उष्णता होते, असं मी सांगते. ती मी हातात धरली होती, हे सांगत नाही.