शेठ पुन्हा बोलायला लागले

भाषाशास्त्राच्या एका प्रकल्पावर मी दोन वर्षं संशोधन सहाय्यक होते, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात फिरायचं, लोकांना चित्रं दाखवून "याला तुमच्यात काय म्हणतात?" असं विचारायचं, ते बोलतील ते रेकॉर्ड करायचं आणि घरी येऊन शब्द न शब्द उतरवून काढायचा, असं ते काम. तासाभराचं बोलणं उतरवायला आख्खा दिवस जायचा. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या आमच्या घरात मी कानाला हेडफोन लावून बसले की वडील आईला म्हणायचे, "लोकांचं बोलणं ऐकायचं शिक्षण काढलंय हिनं. तू तर हे न शिकता करतेस."

मला मात्र हे काम मनापासून आवडायचं, आणि त्याला कारण होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वर्गात उभी राहून "मी सरांना बोलली" असं म्हणाले, तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर मला थांबवलं होतं. "बोलली नाही, म्हणाले. कुठून येता तुम्ही?" त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. प्रकल्पाच्या मॅडम वेगळ्या होत्या. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून तेच वाक्य गेलं तर त्या खूश होऊन म्हणाल्या, "घरी सगळे असंच बोलतात का? लिहून ठेव." मला दुरुस्त न करता माझं ऐकून घेणारं असं कुणी शिक्षणात पहिल्यांदाच भेटत होतं.

उल्हासनगरात मला एक मावशी भेटल्या. लेस, बटणं, दोरे, अस्तर विकणाऱ्या एका सिंधी शेठच्या दुकानात त्या तीस वर्षं कामाला होत्या. माहेर बदलापूर गावातलं, शेतकऱ्याचं घर. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा लवकर गेला, तेव्हापासून हे दुकान. मी रेकॉर्डर चालू केला की त्या पदर सारखा करून परीक्षेला बसल्यासारख्या बोलायच्या. "सकाळी पहिली विक्री होते तिला आम्ही भवानी असे म्हणतो." तेवढ्यात एक बाई काही न घेता निघाली, तर तिच्यामागे ओरडल्या, "ओ भाभी, बोहनी का टाइम है, खाली हात मत जाव ना!" मग माझ्याकडे वळून, "हां, काय विचारत होतीस?"

शेठ गल्ल्यावर बसून हसायचे. ते ऐंशीच्या घरातले. फाळणीनंतर लहानपणीच आईवडिलांबरोबर इथल्या निर्वासितांच्या कॅम्पात आलेले. मावशींना ते 'अदी' म्हणत. सिंधीत अदी म्हणजे बहीण. दोघांचं दिवसभराचं बोलणं अर्धं हिंदीत, थोडं मराठीत, थोडं सिंधीत चाले, आणि कधी नुसतं भुवई उडवूनही. मी मॅडमना सांगितलं, मला त्या दोघांचं मिळून रेकॉर्डिंग करायचंय. त्यांनी होकार दिला.

पुढच्या आठवड्यात शेअर रिक्षानं गेले तर दुकानाचं शटर अर्धं खाली. मावशी आत एकट्याच बसल्या होत्या. शेठना झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. "घरी आणलंय," त्या म्हणाल्या. "मी रोज जाते दुपारची. येतेस?"

घर मागच्याच गल्लीत होतं. दोन्ही मुलगे परदेशात, घरात धाकटी सून. ती मध्य प्रदेशातल्या सिंधी घरातली, पण लहानपणापासून हिंदीत वाढलेली. आम्ही पोचलो तेव्हा आतून तिचा रडवेला आवाज येत होता. शेठ पलंगावर डाव्या हाताने गादी बडवत एकच शब्द म्हणत होते, "दरी... दरी... दरी." वाचा तुकड्यातुकड्यानं परत येत होती, आणि येत होती ती सिंधीतून. सुनेनं हिंदीतली दरी समजून सतरंजी आणली, जमिनीवर अंथरली, मग उचलून पलंगावर घातली. शेठनी ती ढकलून दिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती मला म्हणाली, "सुबह से यही चल रहा है, पता नहीं इनको क्या चाहिए."

मावशींनी चपला काढल्या, सरळ पलंगाच्या पलीकडे गेल्या आणि खिडकी उघडली. शेठ गप्प झाले. मान उशीवर टेकली.

"दरी बोले तो खिडकी," मावशी सुनेला म्हणाल्या. "दुकान में भी बोलते हैं, अदी, दरी खोल, गरम होता है."

सून भिंतीला टेकून खाली बसली आणि ओंजळीत तोंड धरून रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी त्या उघड्या खिडकीकडे पाहत उभी होते, आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तेव्हाच अहवालातला परिच्छेद तयार होत होता.

संध्याकाळी मॅडमना फोन केला. त्याही हरखल्या. म्हणाल्या, "असं कधी कधी होतं, लहानपणची भाषा आधी परत येते. नेहमीच होत नाही. रेकॉर्ड करता आलं तर बघ, पण घरच्यांची परवानगी घे." सुनेनं लगेच हो म्हटलं. दोन दिवसांनी मी रेकॉर्डर घेऊन गेले आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला. शेठनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डावा हात उचलून आपलं तोंड झाकून घेतलं.

मावशी म्हणाल्या, "ठेव गं ते पिशवीत. माणूस नव्यानं बोलायला शिकतोय. त्याचं काय टेप करतेस?"

मला शरमल्यासारखं झालं. सुनेनं हो म्हटलं होतं, पण ज्यांचं तोंड त्यांना मी विचारलंच नव्हतं. रेकॉर्डर आत टाकताना पिशवीत हाताला चित्रांचा गठ्ठा लागला: खिडकी, दार, तांब्या, चादर, पंखा, ताट. सर्वेक्षणासाठी काढलेली साधी रेघांची चित्रं. मी ती शेठच्या मांडीवर ठेवली. त्यांनी एकेक उलटत ताटाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मानी."

"जेवण," मावशी म्हणाल्या. सून उठून स्वयंपाकघराकडे धावली.

त्या आठवड्यात आम्ही तिघींनी मिळून एक वही केली. पानावर चित्र, खाली सिंधी शब्द देवनागरीत, त्याच्याखाली हिंदी. शब्द मावशी सांगायच्या, सून लिहायची. माझ्या यादीत नसलेल्या गोष्टी मी चित्र काढून घालायचे: कूस बदलणं, पाठ खाजणं, चष्मा. माझं चित्रकलेचं अंग बेताचंच. पाठ खाजवणारा माणूस बघून शेठ पहिल्यांदा हसले, तोंडाच्या एकाच बाजूनं. मी मॅडमना रेकॉर्डिंग झालं नाही म्हणून कळवलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. वहीला पानं कमी पडली तर सांग, इथून पाठवते."

वाचा शिकवणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या, त्यांनीही तीच वही वापरली. पाचसहा महिन्यांत हिंदी परत आली, अडखळत. मराठी सगळ्यात उशिरा आली, तीही मावशींशी भांडताना. तोवर माझा करार संपला होता.

दिवाळीच्या आधी मी भेटायला गेले. शेठ दुपारचे दोन तास दुकानात येऊन बसत होते. गल्ला सून सांभाळत होती, माल मावशी. मी शेठना विचारलं, तुमच्याबद्दल कधी काही लिहिलं तर चालेल का? त्यांनी विचार केला. "लिख," ते म्हणाले. "नाम... मत लिख." मग थोड्या वेळानं, "नौकरी? पक्की?"

"नाही, काका. प्रोजेक्ट संपला."

ते मावशींकडे वळून सिंधीत भराभर काहीतरी बोलले. मावशी हसत सुटल्या. "काय म्हणाले?" मी विचारलं. त्या सांगेनात. शेवटी सुनेनं सांगितलं, तिला एव्हाना सिंधी कळायला लागलं होतं, "पापा बोल रहे हैं, इतना पढ़ी है तो बटन गिनना भी आता होगा, इसको कल से बिठाओ."

त्यांचा चेहरा गंभीर होता. ते थट्टा करत नव्हते, मला खरंच काम देत होते. मी म्हणाले, बघते. आता मी बदलापूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला आधीच बोलली होती." मी तिला पुढे बोलू दिलं.